होडीचं पुढचं बाक

पिंपळापुरे काका घरात साधा खिळासुद्धा ड्रॉइंग काढल्याशिवाय ठोकत नसत. स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या फळीचंही त्यांनी मापं टाकून ड्रॉइंग केलं होतं आणि खाली काकूंची सही मागितली होती. "फळी मिळणार असेल तर अंगठाही देते," काकू म्हणाल्या होत्या. बरखेड्याच्या कारखान्यात पत्रा कापण्यात आणि रिव्हेट मारण्यात काकांची अडतीस वर्षं गेली. तरुणपणी एकदा त्यांनी साहेबाच्या ड्रॉइंगची वाट न पाहता अंदाजाने कापलेला पत्र्याचा जॉब उचलताना सटकला आणि सोबत्याच्या पायावर पडला. तो माणूस जन्मभर लंगडला. तेव्हापासून काकांचा नियम एकच: "सहीचं ड्रॉइंग नाही, तर कातरी नाही. मग सांगणारा ब्रह्मदेव का असेना."

आता काका नागपूरला लेकीकडे असतात. तेव्हा ते भोपाळच्या बाग सेवनियात माझ्या समोरच राहत, आणि मी त्याच कारखान्याच्या डिझाइन विभागात. निवृत्तीनंतर त्यांनी भंगारातून एक छोटी ॲल्युमिनियमची होडी आणली, तेव्हा सगळी गल्ली हसली. "काका, होशंगाबाद रोडवर चालवणार का?" मीही विचारलं. "बारिश होऊ दे, तूच लिफ्ट मागशील," ते म्हणाले.

होडी काकूंसाठी होती. लग्न होऊन नागपूरहून आलेल्या काकूंनी चाळीस वर्षं भोपाळच्या तलावांचं पाणी काठावरूनच पाहिलं. आधी मुलं लहान, मग सासू अंथरुणाला, मग स्वतःचे गुडघे गेले. "एकदा मधोमध जाऊन बसायचं आहे हो," एवढंच त्या म्हणत. पण होडीत चढायचं ते पुढच्या टोकाकडून, आणि तिथेच एक बाक आडवं. त्यांच्या गुडघ्यांना ते ओलांडवेना. काकांनी ठरवलं, ते बाक काढायचं, खाली सपाट पत्रा टाकायचा आणि त्यावर पाठीची खुर्ची पक्की करायची. तोंड पुढे, पाण्याकडे.

"बाक काढलं की होडीच्या बाजू ढिल्या पडतील," त्यांनी मला समजावलं. "त्याच्या पोटात थर्माकोल आहे, होडी उलटली तरी तरंगावी म्हणून. तोही दुसरीकडे भरावा लागेल. आणि तुझ्या काकूचं वजन पुढे आलं की नाक पाण्यात जाईल. तू हिशेब करून ड्रॉइंग दे. बाकी मी पाहतो."

"देतो की काका, रविवारी."

त्या रविवारी सासरचे पाहुणे आले. मग मार्चअखेर आली. मग मुलीच्या ॲडमिशनची धावपळ. "काय साहेब, डिझाइन करून राहिले का?" काका गेटपाशी विचारत, आणि मी "झालंच" म्हणून स्कूटरला किक मारत असे. खरं सांगायचं तर मला तो म्हातारपणचा नाद वाटत होता. एकदा वैतागून म्हणालोही, "काका, तुम्ही डोळे मिटून कापाल. ड्रॉइंग हवं कशाला?"

ते हसले नाहीत. "मी बसणार असतो तर कापलंही असतं. बसणारी ती आहे."

दिवाळीत फराळाला गेलो तेव्हा काकूंनी अनारसा पुढे करत विचारलं, "माझी खुर्ची कुठवर आली रे?"

"शेवटची एक लाइन राहिली, काकू."

कागद कोरा होता. तो अनारसा मी कसा गिळला, आजही मला कळत नाही.

माघात काकू गेल्या. तीन दिवसांचा ताप, छातीत कफ, संपलं. तेरावं झालं त्या संध्याकाळी मी ड्रॉइंगला बसलो. दीड तास लागला. काका ते फाडून टाकतील असं वाटलं होतं. फाडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा लावला, एकेक माप वाचलं आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. "पंचावन्न किलो धरलंस. बरोबर. तेवढीच होती." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणातून कातरीचा आवाज येऊ लागला.

आठ दिवसांनी त्यांनी मला हथाईखेड्याच्या धरणावर बोलावलं. होडीत नवी खुर्ची बसवलेली होती. शेजारी पन्नास किलोचं गव्हाचं पोतं आणि कणकेची पाच किलोची पिशवी.

"हे कशाला?"

"टेस्टिंग. टेस्ट केल्याशिवाय जॉब पुरा होतो का?"

"मी बसतो ना, काका."

"तू ऐंशीचा. ड्रॉइंग पंचावन्नचं आहे."

आम्ही दोघांनी पोतं खुर्चीत ठेवलं, वर पिशवी ठेवली, दोरीने बांधलं. काका मागे बसून एकटेच चप्पूने होडी वल्हवत मधोमध गेले. तिथे त्यांनी चप्पू आत घेतला आणि बराच वेळ नुसते बसून राहिले. होडी अगदी सपाट उभी होती. काठावर मला रडू आवरेना, आणि रडण्याचा आपल्याला काही हक्क नाही हेही कळत होतं.

परत आल्यावर काका म्हणाले, "पास आहे. नाक जरासुद्धा खाली गेलं नाही." मग दोरीची गाठ सोडता सोडता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "तसंही दिवाळीत पाण्यावर फार गारठा असतो बेटा. तिला सोसला नसता."

दिवाळीच्या आधी एक अख्खा उन्हाळा होऊन गेला होता. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.