मी त्या टेबलावरून उठले नाही

“पाय फाकव. पोरं काढताना लाज वाटली नाही, आता कसली लाज?”

डॉक्टरबाई हे माझ्या आईला, अम्माला म्हणाली. आई टेबलावर उताणी पडलेली, साडी कमरेपर्यंत वर. तपासणी शिबिरासाठी घेतलेला शाळेचा वर्ग होता तो. पडदा नव्हता. दार उघडं. व्हरांड्यात बायांची रांग, फोटो काढणारा माणूस, आणि छातीवर बिल्ले लावून फिरणाऱ्या, शिबिर भरवणाऱ्या मोठ्या घरच्या बायका. डॉक्टरबाईनं शिकाऊ मुलींना हाक मारली, “या गं, बघा. विडीवाली आहे. यांच्यात स्वच्छता हा प्रकारच नसतो.”

अम्मानं पदर ओढून तोंड झाकलं. बाकी सगळी उघडी आणि तोंड तेवढं झाकलेलं. मी तिच्या चपला हातात धरून उशाशी उभी होते. आणि मी हसले.

होय, हसले. खोटं कशाला सांगू? सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घरात तीन पिढ्या विड्या वळतात. कारखान्याच्या ब्रँचवर विड्या द्यायला गेलं की तपासणारा खराब म्हणून मूठभर विड्या मोडून फेकतो, वर काहीतरी घाण बोलतो. आम्ही हसतो. हसलं की कमी मोडतो. ती सवय माझ्या तोंडाला लागलेली. बाईनं चिडू नये, अम्माला नीट बघावं, म्हणून मी तिच्यापुढेही तशीच हसले.

अम्मानं पदर बाजूला करून माझं तोंड पाहिलं. मग उठून बसली. घरी आम्ही तेलुगू बोलतो. “वद्दू,” एवढंच म्हणाली. नको. माझ्या हातातून चपला घेतल्या आणि पायात न घालताच चालू लागली. तपासणी राहिली ती राहिलीच. मागून बाई म्हणाली, “अडाणी ते अडाणीच.”

तिच्या अंगावरून रक्त जात होतं. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, ती परत आली असं तिला वाटायचं. गल्लीतल्या बाया चिडवायच्या, “परत तरणी झालीस की गं!” तंबाखूची उष्णता, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. दिवसभर मांडीवर सूप, सुपात तंबाखू, मग अंगात उष्णता होणारच. सब्जा भिजवून पी, धन्याचं पाणी पी. सब्जा मीच आणून द्यायची. एकदा म्हटलं, परत जाऊ दवाखान्यात. ती म्हणाली, “मरंन, पण त्या टेबलावर झोपणार न्हाय.” मी जोर केला नाही. कोणत्या तोंडानं करणार?

पुढच्या उन्हाळ्यात तिला उठवेना, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. पसरलेला. तिथला डॉक्टर भला होता. म्हणाला, “हा हळूहळू होतो. आधी कितीतरी वर्षं खुणा दिसतात. पाच मिनिटांची तपासणी असते, का नाही केली?” दिवाळीला अम्मा नव्हती.

गेल्या वर्षी मी तेहतीस पूर्ण केली. सरकारी दवाखान्याकडून घरोघर फिरणारी आशाताई दारात आली. “तिशीनंतर तपासून घ्यायचं असतंय, काय त्रास नसला तरी. तुमची तर आई गेलीय की,” म्हणाली. माझी पोर बारा वर्षांची. तिला ह्या कॅन्सरची लस द्यायचंही आशाताईनंच सांगितलं. चार महिने मी टाळलं. भीती कॅन्सरची नव्हती, टेबलाची होती.

शेवटी गेले. दवाखाना दुसरा, डॉक्टरबाई दुसरी, टेबल तसंच. पडद्याची दांडी होती, पडदा नव्हता. रांगेतल्या बाया दारातून डोकावत होत्या. मी झोपले. बाईनं मला न विचारता दोन शिकाऊ मुली आत बोलावल्या आणि माझ्या गुडघ्यावर चापट मारली. “चल, उघड. नवऱ्यापुढं लाजतेस का?”

माझं तोंड हसायला लागलं. ओठ आपोआप ताणले जात होते, मला कळत होतं. मी दात आवळले. हात पदराकडे गेलेला, तोही खाली घेतला.

“थांबा,” मी म्हटलं. “आधी दार लावा. ह्या पोरी कोण? मला विचारलं का?”

“नखरे असतील तर घरी जा. बाहेर रांग बघ.”

उठावं, चपला घ्याव्यात, चालू पडावं. अम्मानं असंच करून आपला मान राखला, असं मी इतकी वर्षं समजत होते. कसला मान? ती उठून गेली, त्यानं बाईचं काय बिघडलं? तिचं एक काम कमी झालं.

“घरी जाणार न्हाय,” मी म्हटलं. “माझी आई अशीच उठून गेली आन् मेली. मी तपासूनच जाणार. दार लावून. आन् मला अहो म्हणा.”

सिस्टरनं दार लावलं, शेजारच्या कॉटवरची चादर काढून दांडीवर टाकली. मुली बाहेर गेल्या. बाईनं मुकाट्यानं आत व्हिनेगरसारखं आंबट वासाचं पाणी लावलं आणि काही उमटतंय का ते बघत थांबली. मी छताकडे बघत होते.

“डाग दिसतोय,” ती म्हणाली. “कॅन्सर नाही, त्याच्या आधीचं आहे. उपचार करून घ्या, पुढचं टळतं. वर्षानं परत दाखवा.”

घ्या म्हणाली. दाखवा म्हणाली.

उपचार तिथंच झाला. बाहेर पायरीवर बसून मी ढसाढसा रडले. उठून गेले असते तर डाग तसाच आत राहिला असता, आणि मी घरी सब्जा पीत बसले असते.

पोरीला लस दिली. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेवलंय. गल्लीतल्या बायांना मी स्वतः घेऊन जाते. पिशवीत चादर आणि सुतळी असते. पडदा नसला तर मी बांधते. कुणी एकेरीवर आलं तर पडद्याबाहेरून मी बोलते. भांडखोर म्हणतात मला, म्हणू देत. ब्रँचवरही विड्या मोडल्या की मी आता त्या माणसाच्या तोंडाकडे बघत उभी राहते.

आम्ही उठून गेलो की त्यांची सोय होते. ती सोय आता बंद. पडदा लावून घेऊ, तपासून घेऊ. हसणार नाही. आणि उठून जाणार नाही.