धुऱ्यावरची तूर

आजवर हे मी कोणाजवळ बोललेलो नाही. बोलण्यासारखं आहे की नाही, तेही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू का — मलाच नीट कळत नाही. सांगायला बसलो की गोष्ट हातातून निसटते, कुठून धरावी तेच समजत नाही.

शाळेपासून धरतो. दिघोरीजवळच्या आमच्या गावात मी इंग्रजी शिकवतो. सहावीला 'कोणाचं काय' हे शिकवावं लागतं. आपले चा-ची-चं वस्तू पाहून बदलतात — रामूचा बैल, रामूची गाय, रामूचं वासरू. इंग्रजीत ती भानगड नाही. मालकाच्या नावापुढे वर एक ॲपॉस्ट्रॉफी टांगायची, एस जोडायचा, मग पुढे बैल येवो की गाय. मालक अनेक असले आणि एस आधीच लागलेला असला, तर नुसती ॲपॉस्ट्रॉफी. सोपं वाटतं ना? पोरं मात्र तो एस हमखास वस्तूलाच चिकटवतात. पुस्तकातला जॉन आणि त्याची हॅट त्यांच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून मी वर्ग शाळेमागे शेतात नेतो. समोर जे दिसेल त्याचा मालक सांगा! पोरांना भारी मजा येते, कारण गावात कोणाचं काय, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक असतं.

त्या हिवाळ्यात धानकापणी उरकली होती. बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, रिकाम्या; त्यांच्या मधल्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, तेवढी तूर उभी. शाळेमागचा धुरा आमच्या आणि वनितावहिनींच्या बांध्यांच्या मधला. वहिनींचा नवरा तुमसरला राईस मिलमध्ये कामाला, शेत त्या एकट्याच बघतात. त्या सामाईक धुऱ्याची रीत आजोबांपासूनची — तूर एक साल आम्ही पेरायची, एक साल त्यांनी. पण मधे एका साली पाणी साचून आमची सारी तूर सडली. बाबा म्हणायचे, ते साल धरायचं नाही, पाळी अजून आमचीच. वहिनी म्हणायच्या, पाळी ती पाळी. कोणाचं बरोबर? मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

एक मात्र कळत होतं. त्या साली उभी होती ती तूर वहिनींनी पेरली होती. शाळेत जाताना मी पाहिलं होतं — पदराच्या ओट्यात बी घेऊन त्या वाकून वाकून टोचत होत्या आणि मागून त्यांची पल्लवी पायाने माती लोटत होती. पल्लवी माझ्याच वर्गातली.

तर त्या दिवशी पल्लवीने धुऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, 'माय मदर्स तूर.' अगदी बिनचूक. मी म्हणालो, राँग.

का म्हणालो? बाबांनी सकाळीच विळ्याला धार लावली होती, म्हणून? की सगळ्या वर्गासमोर बरोबर म्हटलं असतं, तर ते संध्याकाळच्या आत घरी पोचलं असतं, म्हणून? बाबांची भीती मला या वयातही वाटते — हे सांगतानाही वाटते आहे. पण तेव्हा एवढा विचार केला होता का? शब्द आधी तोंडातून गेला, मी मागाहून गोंधळलो.

तिला वाटलं, ॲपॉस्ट्रॉफी चुकली. काडीने मातीत लिहून तिने ती एसच्या पुढे नेली आणि माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणालो. तिने एस तुरीला लावून पाहिला. मी पुन्हा नाही म्हणालो. पोरगी रडवेली झाली. मग हळूच, विचारल्यासारखं म्हणाली — 'सर्स फादर्स तूर?'

मी म्हणालो, व्हेरी गुड. वर — लाज वाटते सांगायला — सगळ्या वर्गाकडून ते मोठ्याने म्हणवून घेतलं.

त्याच आठवड्यात बाबा विळा घेऊन धुऱ्यावर उतरले. वहिनी धावत आल्या, आवाज चढले, माणसं जमली. शाळा सुटली होती, मीही तिथे पोचलो. वहिनी बाबांना म्हणाल्या, "मामाजी, तुमच्याच पोराले विचारा ना. मास्तर आहे तो, लबाड कायले बोलन?"

केवढा विश्वास तो! मी तोंड उघडणार होतो — उघडणार होतो का? छातीठोक सांगता येत नाही — तेवढ्यात पल्लवीच आईचा हात ओढत बोलली.

"माय, ते सरच्या बाबाची तूर आहे. सरनंच शिकवलं. मलेच येत नव्हतं."

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चष्मा पुसत होतो. त्यांना सगळं कळलं असावं. पण चारचौघांत स्वतःच्या पोरीला खोटं कसं पाडणार? त्या तिला घेऊन गेल्या. घरी तिला मारलं का, नुसत्याच रागावल्या, हे मी कधी विचारलं नाही. पल्लवी पुढे वर्गात हात वर करेनाशी झाली. इंग्रजीच्या तासाला नाही, गणिताच्याही नाही.

बाबांनी तूर कापली, झोडली, आईने डाळ केली. त्या वर्षी रोज तिचंच वरण असायचं. एकदा वाढताना आई म्हणाली, औंदाची डाळ लय मस्त शिजून राहिली. मी हो म्हणालो, आणि ताट पुढे केलं.