दादाच्या नखावरचं मेयोनीज

मार्च महिन्यातला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. पाव किलो चक्का, एक वाटी शेंगदाणा तेल, चमचाभर मोहरीची पूड, एक लिंबू. हजर आम्ही तिघे : मधूदादा, वहिनी आणि मी. दादाला मी शेवटचं पाहिलं ते असं, सुरतेत डिंडोलीतल्या त्याच्या स्वयंपाकघरात, मांडीत निळ्या काठाचं इनॅमलचं भांडं धरून रवी फिरवताना. त्याच आठवड्यात तो पलसाण्याच्या गिरणीतून कामावरून आला, वहिनींना चहा टाकायला सांगितला, आणि चहा गाळून होईपर्यंत गेला... मला बँकेत फोन आला तेव्हा मी आकडे जुळवत बसलो होतो. त्या दिवशी ते जुळले नाहीत.

मधूदादा माझा चुलतभाऊ. अमळनेरहून आधी तो सुरतेला आला, त्याच्या आधाराने मी. मी बँकेत लागलो, तो एका छपाईच्या गिरणीत, आणि वाढत वाढत कलर मास्टर झाला. गिरणीत ज्या खोलीत छपाईचे रंग कालवतात तिला कलर किचन म्हणतात. रॉकेल आणि पाणी घुसळून तिथे लोण्यासारखी पांढरी पेस्ट करतात आणि तिच्यात रंग मिसळतात. दादाचं आयुष्य त्या पेस्टमध्ये गेलं. घरच्या किचनमध्ये मात्र तो पाणी प्यायलासुद्धा जात नसे.

ते बदललं मेधामुळे. मेधा त्याची एकुलती मुलगी. कॉलेजात असताना तिने उन्हाळ्यात पाककलेचा वर्ग लावला आणि मेयोनीज शिकून आली. वर्गात ते अंड्याचं होतं. दादाच्या घरात अंडं चालत नसे, म्हणून तिने चक्क्यात करून पाहिलं. तेल एकदम ओतलं आणि सगळं फुटलं. वर तेल, खाली चोथा. पोरगी रडकुंडीला आली. दादा पेपर बाजूला ठेवून उठला, भांड्यात डोकावला आणि म्हणाला, "ही तर आमची पेस्ट. रॉकेलच्या जागी गोडं तेल, एवढाच फरक. धार लावलीस ना? थेंब सोडायचा असतो."

"मग तुम्हीच करा, मास्टर," वहिनी म्हणाल्या. "माझं जुनं पातळ देते, त्यावर छापूनही बघा."

त्याने खरंच केलं. तेल आणि चक्का दोन्ही तासभर शेजारी शेजारी ठेवले, एक गार एक गरम नको म्हणून. मोहरीची पूड आधी चक्क्यात फेटली. मग थेंब थेंब तेल, रवी एकाच दिशेने. झाल्यावर अंगठ्याच्या नखावर एक ठिपका घेऊन अंगठा उभा धरला. गिरणीत पेस्ट अशीच तपासतात. ओघळली नाही तर झाली. ठिपका ओघळला नाही. पण गिरणीतली पेस्ट रात्रभर मुरवतात, म्हणून याने हेही झाकून ओट्यावर ठेवलं. सुरतेचा मे महिना. सकाळी वहिनींनी झाकण काढलं आणि नाकाला पदर लावला. पुढचे कित्येक महिने कुठेही काही आंबलं की त्या म्हणत, "मास्टरांनी मुरवलेलं दिसतं."

तेव्हापासून रविवारी मी त्याच्याकडे जाऊ लागलो. तेल थेंबाथेंबाने सोडायचं काम माझं, रवी त्याची. शेवटी तो नखावरचा ठिपका चाटायचा आणि मलाही बोटभर द्यायचा. मग क्षणभर थांबायचा... "मीठ कमी शे," म्हणायचा, नाहीतर "अजून चार थेंब लिंबू." आणि सगळं मनासारखं झालं की, "आते जमनं." आता जमलं. त्याचं कधी चुकलं नाही. काकडीवर, उकडलेल्या बटाट्यावर, पावाला लावून आम्ही ते खायचो. मेधा लग्न होऊन नाशिकला गेली तरी रविवार चालू राहिले.

तेराव्यानंतर वहिनींनी ते भांडं आणि रवी माझ्यापुढे ठेवली. "न्या, भाऊजी. मला कच्चं तेल सोसत नाही, मी कधी तोंडात घातलं नाही. आणि ह्यांना तरी काय, त्यांना चव कुठे लागत होती."

मला वाटलं, शेवटच्या दिवसांबद्दल बोलताहेत.

"छे. मेधाच्या दहावीपासून. रॉकेल आणि अमोनियाने नाक गेलं, पाठोपाठ जीभ. मीठ विसरले तरी कळायचं नाही. कुणाला सांगू नको म्हणाले, मास्टरची नोकरी नाकावर असते, पेस्ट बिघडली तर आधी वासावरून कळते."

"पण वहिनी, लिंबू कमी आहे हे त्याला कसं कळायचं?"

"तुमच्या तोंडाकडे बघून," त्या म्हणाल्या. "तुमची डावी भुवई हलते. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. घरी येऊन बायकोला विचारलं, तिलाही माहीत होतं. मी हिशेबाचा माणूस आहे, म्हणून बसून ताळा करून पाहिला. रविवार सगळे त्या भुवईत बसतात, एक सोडून. गेल्या दिवाळीनंतर मला पोचायला उशीर झाला होता. घरात वहिनी आणि तो, दोघंच. भांडं तयार होतं आणि चव अगदी बरोबर होती. तेव्हा तो कुणाच्या तोंडाकडे बघत होता? वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक, भाऊजी." ...माझ्या समजुतीने तो दर रविवारी माझ्याबरोबर खात होता. तो खात होता की मला खाऊ घालत होता, हे मला आजही सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात मेधा माहेरी आली. सातवा महिना आहे, जेवण जात नाही. फोनवर म्हणाली होती, "काका, बाबांचं ते पांढरं करून आणाल? तेवढंच खावंसं वाटतंय." मी एकट्याने केलं. डाव्या हाताने थेंब, उजव्या हाताने रवी. दोनदा फुटलं. तिसऱ्यांदा अंगठा उभा धरला, ठिपका राहिला. चाखून पाहिलं. मला बरोबर लागलं.

भांडं घेऊन डिंडोलीला गेलो. मेधाने बोटभर घेतलं. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिची डावी भुवई किंचित हलली.

"लिंबू कमी आहे," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं, काका?"

वहिनी विळीवर लिंबू चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी अर्धं लिंबू पिळलं, चार वेळा रवी फिरवली. मेधाने दोन काकड्या आणि एक बटाटा खाल्ला, मग पावाच्या तुकड्याने भांडं पुसून घेतलं. वहिनींनी ते धुतलं, आणि भांडं रिकामं परत पाठवू नये म्हणून त्यात मूठभर साखर घालून माझ्या हातात दिलं.