पावण्याच्या पेंटरची डोळेवाली

भूत, करणी, नजर... असल्या गोष्टींची आयुष्यभर टिंगल केलेला माणूस मी. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी हरकत नाही. मीही हसतोच – जरा जपून.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी नवी मुंबईत, पावणे गावच्या एका कारखान्यात सुपरवायझर, राहायला सानपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर. कारखान्याच्या वाटेवर बाळाराम पेंटर ट्रकच्या मागच्या फाळक्यांवर चित्रं काढायचा. मोर-कमळं नाहीत हं! कुठे ससातोंडी नवरी स्कूटरवर, कुठे गॉगल लावलेला खेकडा आइस्क्रीम खातोय. लोक त्याला येडा म्हणायचे. मी मात्र रोज थांबून बघायचो. रंग भडक, विषय खुळचट, पण नजर हटायची नाही.

एकदा त्याने काढली गुलाबी फ्रॉकमधली पोर. सुरमईवर बसलेली, डोक्यावर प्रेशर कुकर, डोळे बशीएवढे. ट्रकवाल्याने तो फाळका नाकारला, म्हणून मी मागितला. बाळाराम कुरकुरला.

"शेट, ही मागून येनाऱ्यावर नजर ठेवायला काढलेली हाय. घरात लावाल तर घरच्यांवरच ठेवील."

मी हसून फाळका घरी आणला आणि हॉलमध्ये सोफ्यासमोर लावला. पोर अगदी सरळ समोर बघत होती. तिसऱ्या दिवशी बघतो तर बुबुळं स्वयंपाकघराकडे... आणि तिथे आमच्या सौ. मंगलबाई, चतुर्थीचा कडक उपास धरून, शेव खात उभ्या!

मला वाटलं, मंगलनेच रंग फासला. तिला वाटलं, मी. नखाने खरवडून पाहिलं – रंग खडखडीत वाळलेला. हुंगून पाहिलं – टर्पेंटाइनचा वास नाही. बाळारामवरही संशय घेतला, पण त्याला माझं घरच ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी माझ्या धाकट्या बहिणीला, सुनीताला, बघायला ऐरोलीहून पाहुणे आले. सुनीता बँकेत होती. लग्नानंतर ती नोकरी सोडेल, असं मी तिला न विचारताच त्यांना कळवून बसलो होतो. स्थळ हातचं जाऊ नये, एवढंच डोक्यात.

पोहे झाले. मुलाच्या आईने विचारलं, "नोकरी सोडणार ना नक्की?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि समोर बघितलं. बुबुळं माझ्यावर. सकाळीच पुसताना ती दाराकडे होती हो!

"नाही," मी म्हणालो. "ते मी परस्पर सांगितलं होतं. तिला विचारलंच नव्हतं."

पाहुणे चहासुद्धा न घेता उठले. मला वाटलं, आता सुनीता मला फाडून खाणार. तिने शांतपणे त्यांचा चहा स्वतःकडे ओढला.

"दादा, हे चित्र मला दे."

दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, नोकरीसकट. फाळका तिने सासरी नेला.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. तिच्या नवऱ्याला मी काहीच बोललेलो नाही. फक्त तिच्याकडे गेलो की चित्राकडे पाठ करून बसतो... आणि मग मानेला खाज सुटते.