भ्यालेलं कापायचं न्हाई

आमच्या वस्तीवर बोकड कापायचा असला की सकाळी आधी शेळ्या कालव्यापलीकडे नेतात. तिथवर आवाज जात नाही, वासही जात नाही. हा नियम माझ्या वहिनीचा. गावातून मुलाणी चाचा येतात, त्यांची सुरी फडक्यात गुंडाळलेली असते आणि शेवटच्या क्षणापर्यंत तशीच राहते. पोरांनी अंगणात थांबायचं नाही, मोठ्यांनी आरडाओरडा करायचा नाही. वहिनी सुबाभळीचा पाला हातात घेऊन बोकडाला गोठ्यामागं नेते. तो निवांत खाऊ लागला की मगच ती चाचांना खुणावते. एकदा बोकड बिथरला, तर तिनं चाचांना चहा पाजून परत पाठवलं आणि मटणाच्या आशेनं आलेल्या पाहुण्यांपुढं पिठलं-भाकरी ठेवली. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, बरेच दिवस तिच्याशी नीट बोलत नव्हता. तिचं म्हणणं एवढंच होतं, "भ्यालेलं कापायचं न्हाई."

मी नगरला एका दैनिकाच्या संपादकीय विभागात काम करतो आणि बहुतेक रविवारी वस्तीवर जातो. मटण खातो. यात लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही आणि मिरवण्यासारखंही नाही. शहरात काळ्या पिशवीतून मटण आणताना मला कसलेही प्रश्न पडत नसत. वस्तीवर पडतात, कारण तिथं ताटात येणारा जीव आधी दारात पाहिलेला असतो.

वस्ती नेवासे तालुक्यात आहे. चहूबाजूंनी ऊस, आणि उसात बिबटे. ते तिथंच राहतात, तिथंच वितात. गेल्या हिवाळ्यात एका बिबट्यानं शेजारी राहणाऱ्या माझ्या चुलत्यांचा कुत्रा अंगणातून उचलला आणि मग त्यांच्या गोठ्यातली एक लहान कालवड नेली. या चुलत्यांना आम्ही नाना म्हणतो. ते माळकरी आहेत. गळ्यात माळ घातल्यापासून त्यांनी मटण, मासे, अंडी यातलं काही तोंडात घातलेलं नाही. त्यांचा दुधाचा धंदा आहे. त्यांचा नातू उसाच्या कडेच्या पायवाटेनं शाळेत जातो. कालवड गेल्यावर नाना काठी घेऊन त्याला सोडायला जाऊ लागले.

वनखात्यानं ट्रॅक्टरवर घालून पिंजरा आणला. त्याचे दोन भाग असतात. मागच्या भागात शेळी, मध्ये लोखंडी जाळी, पुढच्या भागात बिबट्यानं शिरायचं आणि दार पडायचं. शेळी गावकऱ्यांनी द्यायची असं ठरलं. वस्तीवर शेळ्या फक्त वहिनीच्या. त्यातल्या काही गाभण, काही दुभत्या. राहिला एक बोकड. तो घोडेगावच्या बाजारातून आणलेला होता आणि वहिनीच्या नातवाच्या जावळासाठी राखलेला होता. त्या रविवारी मी वस्तीवर होतो. पिंजरा बांधावर उतरवला गेला आणि सगळे वहिनीकडं बघू लागले.

"जावळाचा हाय तो," वहिनी म्हणाली.

"मग बरंच की," नाना म्हणाले. "न्हाईतरी कापनारच हायेस. एक रात जाळीमागं उभा ऱ्हाईला तर काय बिघडतंय?"

"कापनार हाय. भिववनार न्हाई."

"आगं, जित्ता माघारी येतोय त्यो! तू मारतीस, आमी राखतोय."

"मग तुमचा गोऱ्हा बांधा की, नाना."

संकरित गाईला गोऱ्हा झाला तर दूधवाल्याच्या गोठ्यात तो फार दिवस राहत नाही. नानांचा गोऱ्हा दिवाळीनंतर टेम्पोतून गेला होता. कुठं गेला हे कुणी विचारलं नव्हतं, नानांनीही सांगितलं नव्हतं.

"गोऱ्हा हाय कुठं आता?" ते म्हणाले.

"त्येच म्हन्ते मी."

वनरक्षक जवळच्याच गावचा, समजूतदार माणूस होता. तो म्हणाला, "ताई, केसालाबी धक्का लागत न्हाई. जाळी मजबूत हाय."

"साहेब, मग दोन ठिवल्या तर? सोबत हुईल एकमेकाला."

तो हसला. "दोन असल्या की वरडत न्हाईत, ताई. रवंथ करीत बसत्यात. बिबट्याला कळायचं कसं?"

"म्हंजी ते भ्यालं तरच तुमचं काम हुतंय."

वनरक्षक पिंजऱ्याची कडी तपासू लागला. बिबट्या पकडल्याच्या किती बातम्या माझ्या हाताखालून गेल्या असतील. त्यात शेळीला अर्धं वाक्य मिळतं. पिंजऱ्यात आमिष शेळीचं नसतं, तिच्या भीतीचं असतं, हे वहिनीनं विचारेपर्यंत माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

मग नाना बोलले. आवाज चढवला नाही. "रोज सकाळी पोराला घिऊन जातो. माझ्या हातात काठी असती. त्यो उसातनं आला तर त्या काठीनं काय हुनार हाय, तूच सांग."

वहिनी गोठ्यात गेली आणि पाल्याची डहाळी घेऊन बाहेर आली. बोकड दाव्याशिवाय तिच्या मागं मागं बांधापर्यंत आला, पिंजऱ्यात शिरला. दार लावल्यावर तिनं डहाळी जाळीतून आत सरकवली. त्यानं ती खाल्ली नाही. तो तिच्याकडं बघून ओरडायला लागला होता.

बिबट्या दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. मोबाईल उंच धरून तालुक्याची निम्मी माणसं बांधावर जमली. आमच्या वार्ताहरानं संध्याकाळी बातमी पाठवली: बिबट्या जेरबंद, ग्रामस्थांनी सोडला सुटकेचा निःश्वास, पिंजऱ्यातील शेळी सुरक्षित. मी ‘शेळी’ खोडून ‘बोकड’ केलं आणि ‘सुरक्षित’ खोडून ‘जिवंत’ केलं. दोन्ही दुरुस्त्या वस्तुस्थितीला धरून होत्या. पुढच्या रविवारी मी बोकड पाहिला. त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पण त्याचा आवाज बसला होता. तोंड उघडायचा, आवाज निघायचा नाही. ट्रॅक्टर वाजला की गोठ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसायचा. वहिनीच्या हाताला तर तो शिवतच नव्हता. बांधापर्यंत ज्या हातामागं आला, तो हात त्याला आता ओळखीचा होता, म्हणूनच.

जावळ तोंडावर आलं होतं. बाळाच्या मामाचे फोन सुरू होते, कारण बाळाला मांडीवर घेऊन बसायचं ते मामानं. वहिनीनं जावळ पुढं ढकललं.

"लोकान्ला काय सांगू?" दादा भडकला. "बोकडाचा घसा बसलाय म्हून जावळ लांबलं?"

"आसंच सांगा." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "भावजी, तुमच्या पेपरात छापा. बोकडाच्या आग्रहाखातर कार्यक्रम पुढं ढकलन्यात आला हाय."

"दुसरा आना की बाजारातनं," दादा म्हणाला.

"आनला आसता. पर ह्याचं मग काय? ह्यो आसाच ऱ्हाऊ द्यायचा?"

तिनं त्याच्याशेजारी एक गरीब शेळी बांधली. पाला लांब ठेवून ती निघून जायची, दुसऱ्या दिवशी थोडा जवळ ठेवायची. कधी ती तिथंच पाठ करून बसायची आणि लसूण सोलायची. मी प्रत्येक फेरीला चौकशी करायचो आणि दादा माझ्यावरही चिडायचा. आधी बोकडाचा आवाज परतला. मग तो ट्रॅक्टरला मान वर करून नुसतं बघू लागला. एके दिवशी मी कचेरीत असताना वहिनीचा फोन आला.

"भावजी, रविवारी या. हातातनं खाल्लं त्यानं."

ही बातमी आनंदाची होती आणि जावळाचं आमंत्रणही होती. ती एका दमात दोन्ही बोलली.

त्या रविवारी शेळ्या कालव्यापलीकडे गेल्या. सुरी फडक्यात राहिली. वहिनी पाला घेऊन गोठ्यामागं गेली आणि थोड्या वेळानं मोकळ्या हातानं परत आली. मटण बाहेर चुलीवर शिजलं, माळकऱ्यांसाठी घरात वांग्याची भाजी आणि वरण-भात झाला. नाना जेवायला आले, पण जेवणाआधी त्यांनी मनातलं बोलून टाकलं.

"मला एक समजंना. आधी त्याचं भ्या घालवलंस, हाताला आनलंस, आन् मग कापलंस. आगं, त्यापरीस त्यो भ्यालेला बरा हुता. निदान त्याला खरं ठावं हुतं."

वहिनी भाकरी थापत होती. "त्याला काय ठावं हुतं, नाना? रातभर बिबट्या हुता त्याच्याम्होरं. ते डोळ्यात घिऊन त्यानं मरायचं? माझ्या हातानं ते घातलं, माझ्या हातानं काढलं. फुडचं तर ठरल्यालंच हुतं."

या वादावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. नानांचा मुद्दा हलका नाही. विश्वास परत मिळवून तो मोडणं ही साधी गोष्ट नव्हे. तरी माझा कौल वहिनीकडं जातो. मारणं आणि भिववणं या दोन गोष्टी आपण एकच धरतो. म्हणून न मारणाऱ्याला वाटतं आपला काही संबंध नाही, आणि मारणाऱ्याला वाटतं आता कशानं काय फरक पडतो. फरक पडतो. जनावराला मरण कळत नाही असं मी म्हणणार नाही, ते मला माहीत नाही. भीती कळते, हे मी त्या बसलेल्या आवाजावरून सांगू शकतो. काळ्या पिशवीतल्या मटणाबद्दल मला यातलं काहीच सांगता येत नाही. हल्ली मी ते आणत नाही.

मी जेवलो, नेहमीसारखा. वहिनी बायकांच्या शेवटच्या पंगतीला बसली. नाना हात धुऊन ओट्यावर थांबले होते, ती काय वाढून घेते ते बघत. तिनं फोडी घेतल्या, रस्सा घेतला आणि भाकरी कुस्करली.

"बघता काय, नाना? खाते मी. न खाऊन मी लई चांगली हुनार हाय का?"

पलीकडच्या वस्तीवर पुन्हा बिबट्या दिसल्याची बोलणी सकाळपासून चालली होती.

"पिंजरा परत आला तर?" नानांनी विचारलं.

"मी देनार न्हाई आता."

नानांच्या गोठ्यात दुसरी एक गाय व्यायली होती. तिलाही गोऱ्हाच झाला होता आणि टेम्पोला अजून निरोप गेलेला नव्हता.

"गोऱ्हा हाय माझा," नाना म्हणाले.

वहिनीनं घास तसाच हातात धरला. "हाताला आलाय का तुमच्या?"

"न्हाई अजून."

"मग आधी त्याला पाला घाला," ती म्हणाली आणि जेवू लागली. "काय करताय ते तुमचं तुमाला कळाया पायजे."