दोन मागांमधला बोळ

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी टॉवेलचे चार माग सांभाळत होतो. माग सांभाळायचे म्हणजे बसायचं नाही. ताण्याचा उभा दोरा तुटला की मागं जायचं, कांडीवरचं आडवं सूत संपलं की पुढं यायचं, आणि ही ये-जा दोन मागांमधल्या बोळातून अंग चोरून करायची. त्या बोळात दोन्ही बाजूंना, कांडी घेऊन धावणाऱ्या धोट्याला फटके देणाऱ्या लाकडी दांड्या सारख्या उसळत असतात. माणूस सरळ चालला तर काही होत नाही. मी सरळ चालत नव्हतो.

उजव्या गुडघ्याची झीज झाली होती. भार आला की कळ यायची, म्हणून शरीरानं परस्पर स्वतःची चाल शोधली होती. पाय न वाकवता कमरेतून पुढं टाकायचा आणि धड उजवीकडं झुकवायचं. रस्त्यावर असं झुलत चाललं तर लोक फार तर हसतील. बोळात मात्र दर पावलाला माझा खांदा दांडीकडं जायचा. बाहेर आलो की मी त्या पायाला एक शिवी हासडायचो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बायकोसमोरच मला पाय सरळ उचलून धरायला लावला. तो लगेच खाली आला. त्या म्हणाल्या, "दुखतो म्हणून तुम्ही या पायाला जपता, आणि जपून जपून मांडीतली ताकद गेलीय. असा पाय चालता चालता दगा देतो. मांडीचे व्यायाम करा, आणि तोवर मशीनजवळ जाऊ नका."

"त्यास्नी काय जातंय बोलायला!" बाहेर आल्यावर मी फणकारलो. जेऊरकडचं गाव सोडल्यापासून मी मागावरच होतो. माग सोडून रिकाम्या कांड्यांवर सूत भरायला बसायचं म्हणजे आपण संपलो, असं मला वाटायचं. ते बायकांचं काम, असंही मी तोंड वर करून म्हणायचो. माझी बायको त्याच शेडमध्ये कांड्या भरत होती.

एके दुपारी एका मागावर दोरा तुटला. मी बोळात अर्ध्यावर पोचलो आणि गुडघा गेला. दुखला नाही, नुसता गेला. मी उजवीकडं कलंडलो, दांडीचा वारा कानाला लागला, आणि दोन्ही हातांवर आपटलो. डोक्याच्या वर दोन्हीकडच्या दांड्या चालूच होत्या. उठायला जावं तर डोकं त्यांच्या तडाख्यात. त्या खडखडाटात ओरडून कुणाला ऐकू जाणार? फरशीला चिकटून राहिलो. मरणाची भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

एकाएकी सगळे माग थांबले. बायकोनं मेन स्विच ओढला होता.

माग दुरुस्त करणारा जॉबर धावत आला. "मामा, हात द्या."

"लांब हो!" मी खेकसलो. डाव्या पायावर जोर देऊन अर्धा उठलो, उजवी मांडी लटपटली आणि परत खाली बसलो. पुन्हा तेच झालं. सगळी शेड बघत होती. पडण्यापेक्षा ते बघणं मला जास्त लागत होतं.

मग बायको बोळाच्या तोंडाशी आली. माझ्याकडं पाठ करून उभी राहिली आणि तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला. "काय बगताय? तमाशा हाय का हितं?" ती लोकांवर ओरडली.

तिच्या आडोशाला मी रांगलो, मागाची कड धरली आणि हातांच्या जोरावर वर आलो.

"उटला का?" तिनं न वळता विचारलं.

"व्हय."

तेवढ्यात मालक आले. "माग कुणी बंद केले?"

"म्या केलं," बायको म्हणाली. "ह्यांचा पाय..."

"घसरला पाय," मी मधेच तोडलं. "काय न्हाय झालं. करा चालू."

तेव्हा ती वळली. पदर अजून तसाच पसरलेला होता, आणि तो धरलेले तिचे हात माझ्या मांडीपेक्षा जास्त थरथरत होते. जॉबर स्विचकडं निघाला.

"थांब," मी म्हणालो. "मालक, घसरलो न्हाय मी. पायात ताकदच न्हाय ऱ्हायली. मला हिच्याजवळ कांड्या भरायला बसवा."