तीन फुटांचा दर्यो

आमच्या घरात दर्यावर न जाणारा पहिला पुरुष मी. वडील चाळीस वर्षं मासेमारीला गेले, त्यांचे वडीलही गेले, आणि मी मालवणच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायला लागलो. बोटीत पाय ठेवला की मला मळमळायचं. याची भरपाई म्हणून की काय, दोन हजार पाचच्या सुमाराला मी समुद्रच घरात आणायचा ठरवला.

निमित्त झालं मुंबईच्या एका दाताच्या डॉक्टरचं. त्याच्याकडे दाढ काढायला गेलो होतो. बसायच्या खोलीत काचेची मोठी पेटी होती, आत निळसर उजेड, दगडांवर फुलांसारखे जीव डोलत होते. दाढ कशी निघाली ते मला आठवत नाही. पेटी आठवते.

परत आल्यावर मी बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन बसायला लागलो. परदेशातले लोक घरच्या घरी असली समुद्री पेटी कशी ठेवायची यावर पानंच्या पानं लिहीत. ती छापून घ्यायची, घरी आणून पेन्सिलीने खुणा करायच्या. त्यातून दोन गोष्टी पक्क्या कळल्या. या खेळात सगळं अवलंबून असतं ते पाण्याच्या प्रवाहावर आणि प्रकाशावर. मी मनात म्हटलं, आपल्याला काय अवघड आहे? दोन्ही धडे मी दरवर्षी शिकवतो.

त्या कागदांवर असंही लिहिलं होतं की पेटीत खास तयार केलेलं समुद्री मीठच वापरावं. ते फक्त मुंबईत मिळायचं. मी ते मागवलं. शिरोड्याला मिठागरं असलेल्या जिल्ह्यात, समुद्रापासून तीन मिनिटांवरच्या घरात, मुंबईच्या गाडीने मिठाची पोती आली. वडील पडवीत बसले होते. गुडघे गेल्यापासून त्यांचा दिवस तिथेच जायचा. पोती बघून त्यांनी विचारलं, "झिला, ह्यां मीठ खंयसून हाडलंस?"

मी सांगितलं. त्यांनी एकदा समुद्राच्या दिशेने बघितलं आणि पुन्हा बिडी ओढायला लागले.

पेटी तीन फुटांची होती. माझ्या चुलतभावाच्या जाळ्यात एकदा एक दगड अडकून आला. त्यावर तपकिरी-हिरव्या बटणांसारखे जीव दाटीवाटीने चिकटलेले. प्रवाळ काढायला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी माझ्या हातून ते जगलं नसतं. पण हा दगड आपणहून जाळ्यात आलेला, म्हणून मी तो मागून घेतला. किनाऱ्यावरच्या खडपातल्या, म्हणजे खडकाळ भागातल्या, डबक्यातले चार चिमुकले मासेही आणले. आई आयुष्यभर मासे विकत आलेली. तिने ते निरखून बघितले आणि म्हणाली, "खावक येवचे नाय ते मासे पोसतंस कित्याक?" याला मी शास्त्रीय उत्तर दिलं. ती मधेच उठून भात बघायला गेली.

आता प्रकाश. कागदांवर ज्या दिव्याचं नाव होतं तो इथे कुठे मिळणार? मी कुडाळहून दुकानाच्या पाटीवर मारतात तसला झगझगीत दिवा आणला आणि पेटीवर टांगला. निळा उजेड हवा म्हणून शेजारी एक ट्यूबलाइट लावून तिला नाटकाच्या दिव्यांवर गुंडाळतात तो निळा कागद गुंडाळला. संध्याकाळी बटण दाबलं तसं आमचं माजघर दशावताराच्या रंगमंचासारखं उजळलं. रस्त्याने जाणारे दोघेजण आत डोकावून कसला कार्यक्रम आहे ते विचारून गेले. पावसाचे दिवस होते. आठवड्याभरात आईने त्या दिव्याजवळ दोरी बांधली आणि दमट झालेली सुकट सुपात घालून टांगली. बायकोने मुलाचे ओले मोजे अडकवले. पेटीतलं पाणी इतकं तापलं की मासे तळाशी जाऊन दगडाच्या सावलीत बसले. शेवटी टेबलफॅन पेटीवर रोखावा लागला. त्यामुळे घरातली माणसं घामाघूम आणि मासे वाऱ्याला, अशी व्यवस्था झाली.

आणि एवढं करून दगडावरची बटणं उघडत नव्हती. मुठी आवळाव्यात तशी मिटून बसायची. मी म्हटलं, प्रवाह कमी पडतोय. एक पंप होता, दुसरा आणला. दोन्ही डाव्या कोपऱ्यातून दगडावर रोखले. वाळू उडून पेटी गढूळ झाली, एक मासा उजव्या काचेला चिकटून पोहत राहिला. वडील पडवीतून उठून आत आले. बराच वेळ बघून म्हणाले, "दर्यो असो एकाच बाजून फुकर मारीत बसना नाय. तो येता, थांबता, मगे जाता."

मी त्यांना समजावलं की कागदांवर तासाला किती पाणी फिरवावं याचे आकडे आहेत. ते "बरां" म्हणून परत पडवीत गेले.

त्याच पंधरवड्यात भारनियमन वाढलं. शाळेच्या दिवशी भर दुपारी तीन तास वीज नसायची, रविवारी मात्र असायची. मी धास्तावलो. पंप बंद, दिवा बंद, आता सगळं मरणार. पहिल्या दिवशी शाळेतून धावत आलो आणि वडिलांना विचारलं, काय झालं? ते शांतपणे म्हणाले की दुपारी बटणं उघडली होती. सगळी. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. बायकोही म्हणाली, हो, उघडतात, छान हिरवी दिसतात. ती तेवढंच म्हणाली, आणि मीही पुढे काही विचारलं नाही. विचारायला उत्तर ऐकण्याची तयारी लागते. माझ्या डोक्यात तोवर सिद्धान्त तयार झाला होता.

तो असा: पंप बंद पडतात, दिवा विझतो, म्हणून या जीवांना विश्रांती मिळते, आणि विश्रांतीत ते उमलतात. मी एक वही सुरू केली. तारीख, वीज गेल्याची वेळ, बटणं उघडल्याची वेळ. आलेख काढला. मधल्या काळात वडिलांनी माजघराच्या छपरावर दोन काचेची कौलं बसवून घेतली. दुपारी वीज नसताना आत काळोख होतो म्हणाले. मी कुरकुरलो, उन्हाने पेटीत शेवाळ माजेल म्हटलं. ते म्हणाले, पेपर वाचूक उजेड होयो. वडील पेपर पडवीत वाचत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पुढे तालुक्याच्या विज्ञान शिक्षकांची बैठक होती. तिथे मी 'सागरी जीवांवर विश्रांतीचा परिणाम' असा निबंध वाचला, वीस मिनिटं. फळ्यावर आलेख काढला. शेवटी टाळ्या झाल्या. एका वयस्कर बाईंनी विचारलं की समुद्रात कोण पंप बंद करतं? मी हसून म्हटलं, प्रश्न चांगला आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळलो.

त्यानंतर आठवडाभरातच एका संस्थाचालकांच्या निधनामुळे शाळा दुपारी सुटली. साडेबाराला घरी पोचलो. वीज गेलेली. माजघरात पाऊल टाकलं आणि उंबऱ्यातच थांबलो.

काचेच्या कौलांतून उन्हाचे दोन पट्टे सरळ पेटीत उतरले होते. पेटीजवळ स्टूल, स्टुलावर वडील. दुखरा पाय पुढे लांब केलेला, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. हातात आईची भात वाढायची नारळाच्या करवंटीची डवली. ते ती हळू पुढे न्यायचे, क्षणभर थांबायचे, मग मागे ओढायचे. पेटीतलं सगळं पाणी त्याबरोबर जात होतं, येत होतं. दगडावरची बटणं एकूण एक उघडी होती. प्रत्येकाला बारीक झालर, आणि ती झालर एकाच वेळी इकडे, मग एकाच वेळी तिकडे वाकत होती. दाताच्या डॉक्टरकडे मी जे पाहिलं होतं ते याच्यापुढे काहीच नव्हतं.

मी विचारलं, "बाबा, तुमी रोज असा करतात?"

हात न थांबवता ते म्हणाले, "लाईट गेली काय तुझे पंप मरतत. मगे कोणी ढवळूक नको?"

"तीन तास?"

"मदी तुझी बायको धरता अर्धो तास. माका जेवूक लागता."

म्हणजे बायकोलाही ठाऊक होतं. मी वहीबद्दल विचारलं, निबंधाबद्दल विचारलं. माझा आवाज थोडा चढला असावा. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"सांगान काय करतलंय? तू खुशीत होतंस."

मी कपडे न बदलता तिथेच जमिनीवर बसलो. थोड्या वेळाने त्यांनी डवली माझ्या हातात दिली. मी ढवळायला लागलो तशी पाच मिनिटांत निम्मी बटणं मिटली. वडील म्हणाले, भाजी ढवळतात तशी ढवळू नको. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि मोजायला शिकवलं. येताना तीन, थांबायचं एक, जाताना चार. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एकत्र बसून काही करत होतो असं ते पहिलंच. मला ते नीट जमलं नाही, पण मिटलेल्यांतली काही बटणं पुन्हा उघडली.

दिवाळीनंतर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वडील महिनाभर माझ्या बहिणीकडे मुंबईला गेले. दुपारचं ढवळायला मी चार दिवस किरकोळ रजा काढली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं. पाचव्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावून घरात कोण आजारी आहे ते विचारलं, आणि मला खरं सांगायचा धीर झाला नाही. वडिलांचा फोन यायचा. माझी चौकशी नाही, नातवाची थोडी, मग थेट दगडाची. मी खरं सांगितलं की बटणं आता दिवसभर मिटलेली असतात आणि कडेची दोन गळून पडली. ते म्हणाले, मी येईपर्यंत डवली धर, मगे तेका घरा धाडूया.

ते आले त्याच आठवड्यात सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी आम्ही दोघं खडपावर गेलो. डोळ्यावर काळा चष्मा, एका हातात काठी, तरी ते माझ्या पुढे चालत होते. दगड माझ्याकडे, बादलीत. त्यांनी दोन खडकांमधली एक घळ दाखवली, जिथे पाणी आत येऊन वळून बाहेर जायचं. मी वाकून दगड ठेवला, हलणार नाही असा अडकवला आणि बटणं उघडतात का बघायला तसाच वाकून राहिलो.

"तू बघतलंस म्हणून नाय उघडूची ती," वडील म्हणाले.

तरी मी हललो नाही. तेवढ्यात लाट आली आणि मी गुडघाभर पाण्यात सपशेल बसलो. माझा चष्मा गेला, बादली गेली. पिढ्यान् पिढ्या दर्यावर जगलेल्या घराण्याचा वारस त्या घळीत हातपाय मारत होता. वडिलांनी काठी खडकाला टेकवली आणि माझा शर्ट मानेपाशी घट्ट धरून मला उभं केलं. मग आम्ही सावकाश घरी आलो. ते पुढे, मी त्यांच्या पाठीमागे, समोरचं काही नीट दिसत नसल्यामुळे त्यांच्या खांद्याला धरून.